काम पुढें, दाम मागें

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपले पूर्वज सांगून गेले. राहतें घर पाहावें दुरुस्त करून, असें मात्र त्यांनीं कोठें म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. ज्यांनीं तो अनुभव घेतला त्यांच्या अंगीं पुढें म्हणी रचण्याचें त्राण उरलें नसावें, असें मला हल्लीं वाटूं लागलें आहे. आमच्या झरीच्या घराचें काम चार महिन्यांत व्हावयाचें होतें. त्यास जवळजवळ एक वर्ष लागलें. त्या वर्षांत मनस्ताप पुष्कळ झाला आणि पैसाही गेला. परंतु शेवटीं असें दिसून आलें कीं, दोष जेवढा गुत्तेदाराचा होता तेवढाच आमच्या व्यवहाराच्या रीतीचाही होता. ही हकीकत सांगण्यांत थोडा कमीपणा आहे खरा; तरी एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस ती उपयोगीं पडेल अशा भरंवशावर सांगतों.

झरी हें परभणी तालुक्यांतील, परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. आमचें घर जुन्या मराठवाडी पद्धतीचें. दगडमातीच्या रुंद भिंती, सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यांवर हातभर मातीचें माळवद. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं माळवदावर खारी माती पसरावयाची, हा आमच्या भागांतील नेम. त्या मातीनें पाणी अडतें, आणि वैशाखांत बाहेर अंगाची लाही होत असली तरी माजघर गार राहतें. परंतु नवी माती घालतांना जुनी काढण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं, आणि पिढ्यांमागून पिढ्या छताचें ओझें वाढत जातें.

या ओझ्याचा अर्थ मराठवाड्यास ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे कळला. किल्लारीच्या भूकंपांत लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) या जिल्ह्यांतील हजारों माणसें झोपेंतच दगावलीं. तीं बहुतांशीं असल्याच भिंतींखालीं आणि असल्याच माळवदांखालीं. तेव्हांपासून आमच्या घरांत पाऊस जोराचा लागला कीं, कोणी ना कोणी तुळयांकडे पाहून घेत असे. २०२२ च्या पावसाळ्यांत माजघराची एक तुळई वाळवीनें पोखरलेली आढळली आणि मग चालढकल करण्यास जागा उरली नाहीं. ओसरी व माजघर यांवरील माळवद उतरवावें, पाया खणून कांक्रीटचे खांब व तुळया उभाराव्या आणि वर स्लॅब टाकावी, असें ठरलें. जुन्या दगडमातीच्या भिंतींवरच स्लॅब ठेवणें म्हणजे एक ओझें उतरवून दुसरें चढविणें होय, हें परभणीच्या एका अभियंत्यानें समजावून दिलें होतें.

आम्ही तिघे भाऊ. थोरले दादा झरीस राहून शेती पाहतात, मी निवृत्त होऊन परत आलेला, धाकटे बंधू परभणीस नोकरींत. पुण्याचे धाकटे काका घराचे वडीलधारे. आणि या सर्वांवर थोरल्या काकू, वय वर्षें चौऱ्याऐंशी. साठांहून अधिक वर्षांपूर्वीं त्या या घरांत नव्या नवरीच्या पावलांनीं आल्या. तेव्हांपासून भाद्रपदांतल्या महालक्ष्म्या त्यांनीं याच माजघरांत बसविल्या, एक वर्षही चुकविलें नाहीं. काम सुरू होण्यापूर्वीं त्यांनीं एकच अट घातली: “महालक्ष्म्या घरांत झाल्या पाहिजेत.” गुत्तेदारानें हात जोडून सांगितलें, “आजी, श्रावणातच तुमच्या घरावर गिलावा झालेला असंल.”

गुत्तेदार माहितींतला. त्याच्या वडिलांनीं आमच्या विहिरीचें काम केलें होतें. नऊ लाखांस गुत्ता ठरला. मीं कागद करण्याची गोष्ट काढली तेव्हां दादा म्हणाले, “घरच्यासारखा माणूस; त्याच्याकडून कागद लिहून घ्यायचा म्हणजे त्याला चोर म्हटल्यासारखं होईल.” आम्हां सर्वांस तें पटलें. २०२३ च्या अक्षय्यतृतीयेस, म्हणजे २२ एप्रिल रोजीं, नारळ फुटला आणि त्याच दिवशीं दोन लाखांची उचल गुत्तेदाराच्या हातीं पडली.

आरंभ झकास झाला. माजघर आणि ओसरी यांवरून चौदा ट्रॉल्या माती निघाली. ती पाहून एवढ्या ओझ्याखालीं आपण मुलेंबाळें घेऊन निजत होतों, या विचारानें अंगावर कांटा आला. खड्डे खणले गेले, लोखंड आलें, आणखी दीड लाख दिले. मेअखेर खांबांच्या सळया उभ्या राहिल्या. आणि एके दिवशीं सकाळीं कामावर कोणीच आलें नाहीं.

तेथून पुढें जें सुरू झालें तें ज्यांनीं घरकाम काढलें असेल त्यांस निराळें सांगावयास नको. “उद्या माणसं लावतोच बघा मालक.” उद्यां उजाडे, माणसें येत नसत. मिस्त्रीची सासू वारली. मिक्सर नादुरुस्त झाला. वाळूची गाडी अडली. गांवाची जत्रा आली. मधूनच दोन बिगारी येत, एक ढीग इकडचा तिकडे करीत आणि दुपारीं नाहींसे होत. आमच्या सूनबाईंनीं कालनिर्णयाच्या पानावर प्रत्येक सबबीची नोंद ठेवण्यास आरंभ केला, तेव्हां जूनअखेर मिस्त्रीची सासू दोनदां वारल्याचें निष्पन्न झालें.

त्या वर्षीं पाऊस उशिरा आला. संबंध महाराष्ट्र पावसाखालीं येण्यास २५ जून उजाडला. म्हणजे निसर्गानें आमच्या गुत्तेदारास पंधरवड्याची सवलत दिली होती. ती त्यानें घेतली नाहीं. पाऊस आला तेव्हां माजघरावर छत नव्हतें. ताडपत्र्या बांधल्या, त्या वाऱ्यानें फाटल्या. दगडमातीच्या भिंतीस वरून पाणी लागणें म्हणजे मिठाच्या खड्याला पाणी लागणें. उत्तरेकडील भिंतीचा माथा दोन हात खचला आणि काकूंचें सामान देवघरांतून गोठ्याशेजारच्या खोलींत हलवावें लागलें. पुढें अधिक श्रावण आला. पंचांगानें गुत्तेदारास आणखी एक महिना बहाल केला. ऑगस्ट तर देशभर जवळजवळ कोरडाच गेला, पिकें माना टाकूं लागलीं, आणि पावसाची सबबही त्याच्यापाशीं उरली नाहीं. तरी काम जेथें होतें तेथेंच होतें.

महालक्ष्म्या आल्या २१ सप्टेंबर रोजीं. त्या परभणीस, धाकट्या बंधूंच्या तिसऱ्या मजल्यावरील घरांत बसल्या. काकूंनीं मुखवट्यांची पेटी वाटभर मांडीवर ठेवली होती. तक्रारीचा एक शब्दही त्यांनीं काढला नाहीं. सोळा भाज्या झाल्या, पुरणपोळी झाली, आरती झाली. रात्रीं सर्व निजानीज झाल्यावर त्यांनीं मला हळूच विचारलें, “माजघराच्या भिंतीला फार पाणी लागलं का रे?” मीं कांहींतरी सांगून वेळ मारून नेली, परंतु त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दुसऱ्याच दिवशीं आम्ही तिघे भाऊ वही घेऊन बसलों. हें पूर्वींच व्हावयास हवें होतें.

त्या वहींतून दोन गोष्टी बाहेर आल्या. पहिली लाजिरवाणी होती. जुलैमध्यें सिमेंटाचा भाव वाढतो आहे असें सांगून गुत्तेदारानें पुण्याच्या काकांकडून मोबाइलवरून एक लाख मागवून घेतले होते. त्याच आठवड्यांत, त्याच कारणासाठीं, धाकट्या बंधूंकडूनही एक लाख नेले होते. दोघांनींही मोठ्या मनानें दिले आणि एकमेकांस सांगितलें नाहीं. कारण घरासाठीं आपण कांहीं केलें हें बोलून दाखवूं नये, असें दोघांसही वाटलें. आपल्या कुटुंबांतील सद्गुण असा परक्याच्या उपयोगीं पडतो! हुकमांचेंही तसेंच. दादांनीं खिडकी पूर्वेस सांगितली, काकांनीं दूरध्वनीवरून ती उत्तरेस नेली, मीं एक कोनाडा वाढविला. गुत्तेदारास कधींही जाब विचारावा, तर “मोठ्या मालकांनी थांबा म्हणून सांगितलं” हें उत्तर तयार असे, आणि तें अगदींच खोटेंही नसे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. अभियंत्यास बोलावून झालेल्या कामाचें मोजमाप घेतलें. दिलेले पैसे साडेपांच लाख. जागेवरचें काम दोन लाख साठ हजारांचें. म्हणजे आम्ही दोन लाख नव्वद हजार पुढें होतों. हा आंकडा कागदावर दिसतांच चार महिन्यांचें कोडें एका क्षणांत सुटलें. गुत्तेदार आमच्याकडे येईल तरी कशास? आमच्याकडे आला तर त्यास घेतलेल्या पैशाचें काम करावें लागणार, नवा पैसा मिळणार नाहीं. तोच दिवस त्यानें दुसऱ्याच्या घरीं घातला तर तेथें नवी उचल मिळणार. आम्ही ज्यास त्याचा आळस समजत होतों तो त्याच्या दृष्टीनें रोकडा हिशेब होता. जेवढे पैसे आम्ही पुढें देत गेलों, तेवढें आमचें काम त्याच्या यादींत मागें पडत गेलें.

गुत्तेदारास बोलावून समोरासमोर बसलों, तेव्हां त्यानेंही मन मोकळें केलें. त्याच्या बिगाऱ्यांस तो स्वतः उचल देऊन बांधतो. ते ती घेऊन दसऱ्यानंतर ऊसतोडीस किंवा पुण्याकडे निघून जातात. आमच्या पैशांतून त्यानें मागच्या घराची स्लॅब टाकली. पुढच्या घराच्या उचलींतून आमची टाकणार होता. “एक जरी घर थांबलं तर सगळीच थांबतात, मालक,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यांत लबाडी होती तशी अगतिकताही होती. उचलीवर चालणाऱ्या या गाड्यांत कोणी एक राक्षस बसलेला नसतो. प्रत्येक जण पुढच्याच्या पैशानें मागच्याचें देणें फेडीत असतो. परंतु म्हणून आपल्या घराची भिंत भिजत ठेवावी असें मात्र नव्हे.

या वेळीं कागद झाला. कोणतें काम किती दिवसांत, त्यास किती रक्कम, आणि पंधरा दिवस काम बंद राहिल्यास करार संपला असें समजून उरलेली रक्कम परत. त्यानें सही केली, सहा दिवस माणसें आणलीं, तीस हजारांचें काम केलें, आणि दसऱ्याचें सोनें द्यावयास म्हणून जो गेला तो परत आला नाहीं. मग आम्हीं वकिलांच्या सल्ल्यानें पोचपावतीची नोटीस धाडली.

येथें कायद्याच्या दोन-चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत. कारण ‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ या एका वाक्यावर आपण पुष्कळ हक्क सोडून देतों. कराराचा कायदा १८७२ सालचा. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें, मुदत हाच कराराचा गाभा असेल आणि मुदतींत काम झालें नाहीं, तर करार रद्द करण्याचा हक्क आपणांस मिळतो. परंतु त्याच कलमांत एक मेख आहे. मुदत टळल्यावर उशिराचें काम आपण मुकाट्यानें स्वीकारलें, तर उशिराबद्दल नुकसानभरपाई मागतां येत नाहीं; ती मागणार असल्याची सूचना स्वीकारतांनाच द्यावी लागते. म्हणजे ‘असूं द्या, झालें एकदांचें’ हे आपले उद्गारच आपला हक्क बुडवितात. दुसरी गोष्ट ग्राहक कायद्याची. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यांत १९९३ सालीं स्पष्ट केलें, आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें तें कायद्यांतही आलें. आतां लागू असलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आहे. त्याखालीं आपण जेथें राहतों त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते. सेवेचा मोबदला पांच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाहीं. मात्र तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत ती दाखल व्हावी लागते. या सर्वांस पुरावा लागतो. आमच्या मोबाइलवरील निरोप, पैसे पाठविल्याच्या नोंदी, तारखेचीं छायाचित्रें आणि सूनबाईंचें कालनिर्णयाचें पान हीं सर्व वकिलांनीं फार आदरानें पाहिलीं.

आम्ही आयोगाची पायरी चढलों नाहीं. परंतु चढूं शकतों हें गुत्तेदारास कळलें आणि त्याचा उपयोग झाला. त्यानें साठ हजारांचें लोखंड व सिमेंट आमच्या अंगणांत आणून टाकलें आणि सव्वा लाख तीन हप्त्यांत परत केले. पाऊण लाख बुडाले. दादा त्यास आमच्या शाळेची फी म्हणतात.

उरलेलें काम आम्हींच हातीं घेतलें, आणि याचा धडाही आमच्या मराठवाड्यांतच पूर्वीं गिरविला गेला होता. किल्लारीनंतर जीं गांवें पार जमीनदोस्त झालीं तीं नव्या जागीं बहुतांशीं गुत्तेदार व देणगीदार संस्था यांच्याकरवीं बांधलीं गेलीं. परंतु जीं घरें दुरुस्त व मजबूत करावयाचीं होतीं, अशा सुमारें दोन लाख घरांसाठीं सरकारनें निराळी रीत अवलंबिली. मदत घरधन्याच्या बँकेच्या खात्यांत, तीही हप्त्यांनीं. एक टप्पा पुरा झाल्याचें तपासलें म्हणजे पुढचा हप्ता. गवंडी कोणता, सामान कोठलें, हें घरधनी ठरवी. गांवोगांव ‘संवाद सहायक’ म्हणून स्त्रिया नेमल्या गेल्या आणि त्यांनीं बायाबापड्यांस पैशाचा व बांधकामाचा हिशेब समजावून दिला. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेंतही टप्प्याचें छायाचित्र चढविल्यावरच पुढचा हप्ता सुटतो. सरकारी बांधकाम खात्याची मोजमापाची वही तर ब्रिटिश अमदानीपासूनची. म्हणजे जें शहाणपण सरकारी दप्तरांत इतकीं वर्षें पडून आहे, तें आपल्या घरच्या कामास लावण्यास आपणांस संकोच वाटतो, एवढेंच काय तें.

आम्हीं तो संकोच सोडला. धाकट्या बंधूंस एकट्यास कारभारी नेमलें. पुण्याच्या काकांनीं देखील सूचना त्यांच्याकडेच करावयाच्या असें ठरलें, आणि काकांनीं ती शिस्त सर्वांत चोख पाळली, हें कृतज्ञतेनें नमूद करतों. पैसे एकाच खात्यांतून, दर शनिवारीं, झालेल्या कामाचें मोजमाप वहींत लिहून व गवंड्याची सही घेऊन. सामान आम्हींच आणावयाचें. बदल करणें तर वहींत लिहून, त्याची किंमत समोर मांडून. त्यामुळें माझा कोनाडा आपोआप रद्द झाला. शेवटच्या बिलांतील दहावा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावयाचा, हें गवंड्यानेंही आनंदानें मान्य केलें. कारण दर शनिवारीं न चुकतां दाम देणारा मालक त्यास अपूर्वच होता.

जें काम पुढें झांकलें जाणार तें झांकण्यापूर्वीं पाहावयाचें, हा आमचा आणखी एक नेम झाला. आमच्याकडील काळी माती पावसांत फुगते आणि उन्हांत भेगाळते. पाया तिच्याखालच्या पक्क्या मुरुमापर्यंत गेला नाहीं तर वरचें घर कितीही देखणें असो, तडकतें. जुन्या गुत्तेदारानें दोन खड्डे काळ्या मातींतच थांबविले होते, हें पुन्हां खणल्यावर कळलें. ते खोल नेले, छायाचित्रें घेतलीं, आणि मगच कांक्रीट ओतलें. फेब्रुवारींत स्लॅब पडली. तिच्यावर मातीचीं आळीं करून दहा दिवस पाणी खेळतें ठेवलें. तें काम दादांच्या नातवंडांनीं सुट्टीच्या खेळासारखें केलें. २०२४ चा गुढीपाडवा ९ एप्रिलला आला, आणि गुढी आमच्या नव्या ओसरीवर उभी राहिली.

हें वाचून कोणी म्हणेल, सर्वांस स्वतः उभें राहून काम करून घेण्यास सवड कोठें आहे? तें खरें आहे. गुत्तेदार लागतो, आणि चांगले गुत्तेदार पुष्कळ आहेत. माझें म्हणणें एवढेंच कीं, माणसाची परीक्षा पाहण्याऐवजीं व्यवहार असा आंखावा कीं, आपलें काम पुरें करण्यांतच त्याचा लाभ असावा. आरंभीं सामानापुरती उचल द्यावी, पुढें काम पुढें आणि दाम मागें. कागद करणें म्हणजे अविश्वास दाखविणें नव्हे. कागद दोघांच्याही आठवणीस आधार देतो आणि संबंध राखतो. आमच्या विहिरीचें काम करणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या मुलाशीं आज आमचें बोलणें उरलें नाहीं. कागद असता तर तें उरलें असतें, असें मला राहून राहून वाटतें.

वाळवी लागलेल्या त्या तुळईचा एक टोकाकडचा भाग शाबूत निघाला होता. काकूंच्या सांगण्यावरून सुतारानें त्याचे दोन चौरंग केले. १० सप्टेंबर २०२४ रोजीं महालक्ष्म्या त्यांवर, आपल्या माजघरांत, बसल्या. काकूंनीं मुखवटे ठेवण्यापूर्वीं लांकडावरून एकदां हात फिरवला.

“सुताराचे पैसे दिलेत ना रे?” त्यांनीं विचारलें.

“चौरंग हातीं आल्यावर दिले, काकू,” धाकटे बंधू म्हणाले.

“बरं केलंस,” असें म्हणून त्यांनीं पेटी उघडली.